मांडावरचा फोटो: नॅक मूल्यांकन आणि एका अध्यापिकेचे शैक्षणिक स्वातंत्र्य

उत्तर गोव्यातील एका अनुदानित महाविद्यालयात नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांची गुणवत्ता तपासून श्रेणी देणाऱ्या राष्ट्रीय परिषदेच्या, मूल्यांकनाच्या तिसऱ्या फेरीची तयारी चालू असताना मराठी विभागातील एका ज्येष्ठ अध्यापिकेला आपली शिकवण्याची एक पद्धत सोडून द्यावी लागली आणि पुढे दोन वर्षांनी ती अर्धीच परत मिळाली. त्या घटनाक्रमाची ही नोंद आहे. महाविद्यालयाचे आणि व्यक्तींचे नाव मुद्दाम दिलेले नाही. मी त्या वेळी तेथील अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचा, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या आयक्यूएसीचा, सदस्य होतो आणि पुढे ज्या तक्त्यांचा उल्लेख येईल त्यांपैकी दोन मीच तयार केले होते. त्यामुळे हे लेखन त्रयस्थाचे नाही, हे आधीच सांगणे योग्य ठरेल. विभागात सगळे त्या अध्यापिकेला ‘बाई’ म्हणत, म्हणून येथेही तसेच म्हणतो.

मूल्यांकनामुळे शिक्षकाच्या स्वातंत्र्यावर बंधन येते का, असे विचारले की आपण एखादा हुकूम शोधू लागतो: कोणी काही शिकवू नका असे सांगितले का, एखादे पुस्तक काढून टाकले का, कोणाला नोटीस दिली का. या प्रकरणात असे काहीच घडले नाही. कोणीही बाईंना कशासही मनाई केली नाही. तरीही एक विषय ज्या रीतीने शिकवला जात होता ती रीत थांबली. ती कशी थांबली, हे टप्प्याटप्प्याने पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, असे मला वाटते.

पौषातल्या तासिका

गोव्यातील संलग्न महाविद्यालयाच्या शिक्षकाला अभ्यासक्रम ठरवण्याचा अधिकार तसा थोडाच असतो. १९८५ पर्यंत येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी जोडलेली होती; त्यानंतर गोवा विद्यापीठ आले. विद्यापीठ बदलले तरी रचना तीच राहिली: अभ्यास मंडळ अभ्यासपत्रिका ठरवते, महाविद्यालय ती शिकवते. शिक्षकाच्या हाती उरते ते एवढेच की कोणत्या घटकाला किती वेळ द्यायचा, उदाहरणे कोठून घ्यायची, वर्ग कोठे भरवायचा आणि सत्रांतर्गत मूल्यमापन, ज्याला येथे आयएसए म्हणतात, ते कसे घ्यायचे. ही जागा लहान असली तरी चांगला शिक्षक आपले सारे कौशल्य याच जागेत दाखवतो.

बाई तृतीय वर्षाला लोकसाहित्याची अभ्यासपत्रिका शिकवत. सत्राच्या सुरुवातीला व्याख्या आणि वर्गीकरण हे घटक त्या झपाट्याने उरकत, कारण पौष लागला की गावोगावच्या मांडांवर, म्हणजे गावाच्या सामाईक पवित्र अंगणांत, धालो हे बायकांचे गाण्या-नाचाचे उत्सव सुरू होतात आणि तेथे जायचे तर त्याच दिवसांत जावे लागते. सत्तरी तालुक्यातील एका गावात, वर्गातल्याच एका मुलीच्या माहेरच्या मांडावर, बाई मुलींना घेऊन सलग तीन रात्री जात. सारवलेल्या मांडावर पायांतले काढून जायचे, एका कडेला बसायचे, आणि समोरासमोर दोन रांगा धरून पुढे-मागे झुलत गाणाऱ्या बायकांचे शब्द वहीत उतरून घ्यायचे. वर्गातले मुलगे मांडावर जात नसत; ते दुसऱ्या दिवशी मुलींच्या वह्या घेऊन त्यांच्याबरोबर पाठ जुळवत बसत, आणि फाल्गुनात रणमाले हे लोकनाट्य पाहायला जाताना ही वाटणी उलटी होई.

मांडावरच्या वडीलधाऱ्या बायकांनी पहिल्याच वर्षी एक अट घातली होती. ‘आयकात, बरोवन घेयात, पूण फोटो काडूं नाकात.’ (ऐका, लिहून घ्या, पण फोटो काढू नका.) बाईंनी ती मान्य केली आणि पुढे कधी मोडली नाही. मोबाईल गाडीतच राहत.

यातून वर्गात जे घडे ते मी एकदा स्वतः बसून पाहिले आहे. एकाच ओवीचे तीन पाठ फळ्यावर लिहिलेले होते, कारण तीन बायकांनी तिचा शेवट तीन प्रकारे केला होता, आणि खरा पाठ कोणता हा प्रश्न विद्यार्थ्यांनीच काढला होता. त्याहून अवघड प्रश्न त्यानंतर आला. त्या गाण्यांत एका ओळीत मराठी रूप येते आणि पुढच्या ओळीत कोकणी. मग हे गीत कोणत्या भाषेचे? गोव्यात हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा झाली आणि शासकीय कामात मराठीच्या वापराचीही तरतूद राहिली. त्याआधीचे आणि त्यानंतरचे वाद ज्या घरांनी पाहिले त्याच घरांतली मुले त्या बाकांवर बसलेली होती. बाईंनी उत्तर दिले नाही. त्यांनी मुलांना वह्यांतली क्रियापदे मोजायला लावली, आणि मोजून झाल्यावरही एकमत झाले नाही तेव्हा ते तसेच राहू दिले. शैक्षणिक स्वातंत्र्य म्हणजे काय, असे मला कोणी विचारले तर मी त्या तासाचे वर्णन करीन.

या कामाला ठरल्यापेक्षा पुष्कळ जास्त तासिका जात. शेवटचा घटक पाच-सहा तासिकांत संपवावा लागे आणि त्याचा काही भाग मुलांनी स्वतः वाचायचा असे. आयएसएचे गुण त्या क्षेत्रवहीवर आणि तोंडी परीक्षेवर दिले जात.

तक्त्यांचा प्रवेश

नॅक, म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषद, १९९४ मध्ये बंगळुरूत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अंतर्गत स्थापन झाली. आयोगाच्या २०१२ च्या विनियमांनी मूल्यांकन बंधनकारक केले, आणि पुढे स्वायत्तता, रूसाचा, म्हणजे राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानाचा, निधी, श्रेणीनुसार मिळणाऱ्या सवलती अशा अनेक गोष्टी श्रेणीशी जोडल्या गेल्या. २०१७ मध्ये पद्धत बदलली. महाविद्यालय स्वयं-अध्ययन अहवाल, म्हणजे एसएसआर, ऑनलाइन भरू लागले. त्यातील संख्यात्मक माहितीची कागदोपत्री पडताळणी होई, जिला डीव्हीव्ही म्हणतात. विद्यार्थ्यांचे समाधान सर्वेक्षण घेतले जाई. आणि मग पीअर टीम, म्हणजे बाहेरच्या प्राध्यापकांचा तपासणी गट, भेटीला येई. निकष सात होते आणि एकूण गुणांपैकी साधारण सत्तर टक्के भार संख्यात्मक बाबींवर असे. या बदलामागचा हेतू वाईट नव्हता. आधी सगळा भर भेटीवर होता, भेटीत पाहुणचाराचा आणि ओळखीपाळखीचा प्रभाव पडतो असा आक्षेप होता, आणि पुराव्यावर आधारलेले मूल्यांकन त्याला उत्तर म्हणून आले.

मात्र पुरावा मागणारा माणूस दूर बसलेला असला की पुराव्याचे स्वरूपच काय मोजले जाणार ते ठरवू लागते. आमच्या आयक्यूएसीने क्षेत्रभेटीसाठी जो नमुना केला, त्यात उद्देश, परवानगीचे पत्र, हजेरीपट, विद्यार्थ्यांचा अभिप्राय आणि जिओटॅग केलेले, म्हणजे काढल्याच्या ठिकाणाची नोंद असलेले, किमान दोन फोटो असे रकाने होते. बाईंनी पहिले चार रकाने भरून दिले. पाचव्या रकान्यात त्यांनी एक वाक्य लिहिले: मांडावर छायाचित्र घेण्यास गावातील स्त्रियांची संमती नाही. तो कागद समन्वयकांकडून परत आला. त्यांचे म्हणणे मी प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण ते चुकीच्या हेतूने बोललेले नव्हते: डीव्हीव्हीत एखादी नोंद फोटोअभावी अमान्य झाली तर बाकीच्या नोंदींविषयीही शंका निर्माण होईल, तेव्हा जी नोंद सिद्ध करता येत नाही ती यादीत न घालणे हेच सर्वांच्या हिताचे. अशा रीतीने पाच वर्षांतल्या त्या भेटी अहवालातून वगळल्या गेल्या. क्षेत्रकार्याच्या तक्त्यात मराठी विभागापुढे शून्य आले, आणि विभागप्रमुख म्हणून त्या शून्याविषयी खुलासाही बाईंनाच करावा लागला.

त्यांच्यापुढे एक सोपा मार्ग होता. कडेला बसलेल्या एखाद्या मुलीने गुपचूप एक फोटो घेतला असता तर कोणाला कळलेही नसते. तसे एका सहकाऱ्याने सुचवलेही. बाई म्हणाल्या, ‘सर, त्या बायांनी आमच्यावर विश्वास टाकला म्हणून गाणी मिळाली. फोटो दिला तर पुढच्या पौषात मी तिथे कोणत्या तोंडाने जाऊ?’ लोकसाहित्याच्या संशोधनात संमती हा शिस्तीचा पाया आहे. म्हणजे येथे विषयाची स्वतःची शिस्त एका बाजूला होती आणि मूल्यांकनाच्या नावाने आलेली दुसऱ्या बाजूला.

त्यापाठोपाठ अध्ययन निष्पत्तींचा, म्हणजे शिकून झाल्यावर विद्यार्थ्याला काय आले पाहिजे हे सांगणाऱ्या विधानांचा, प्रश्न आला. प्रत्येक अभ्यासपत्रिकेच्या निष्पत्ती लिहायच्या, त्या कार्यक्रमाच्या, म्हणजे संपूर्ण पदवी अभ्यासक्रमाच्या, निष्पत्तींशी जोडायच्या, प्रत्येक जोडीला एक, दोन किंवा तीन असा अंक द्यायचा आणि शेवटी त्यांची पूर्तता टक्क्यांत काढायची, ही सीओ-पीओ मॅपिंगची रीत. बाईंनी लिहिलेल्या चार निष्पत्तींपैकी एक अशी होती: ‘आपल्या गावातील गाण्यांविषयी विद्यार्थ्याला स्वतःचे प्रश्न पडावेत.’ ती अमान्य झाली, कारण ‘पडावेत’ हे मोजता येणारे क्रियापद नाही. तिच्या जागी ‘विद्यार्थी लोकगीतांचे प्रकार सांगू शकेल’ असे वाक्य आले. ते वाक्य मी सुचवले होते. आज मागे वळून पाहताना मला त्या बदलाचे जितके वाईट वाटते तितके दुसऱ्या कशाचेही वाटत नाही, कारण त्या एका वाक्याने अभ्यासपत्रिकेचा रोख गावाकडून वर्गीकरणाकडे वळला.

खरा परिणाम मात्र पुढच्या पायरीवर झाला. पूर्तता टक्क्यांत काढायची तर प्रत्येक प्रश्नाचे गुण कोणत्या निष्पत्तीत जमा होतात हे कळले पाहिजे. क्षेत्रवही आणि तोंडी परीक्षा त्या कोष्टकात बसेनात. म्हणून सर्व विभागांसाठी आयएसएचा एकच साचा ठरला: प्रश्ननिहाय गुण असलेली लेखी चाचणी. वहीला गुण नाहीत म्हटल्यावर तीन रात्री जागून वही लिहिण्याचे कारण विद्यार्थ्यांपुरते संपले. पुढच्या पौषात बाई चारच मुलींना घेऊन गेल्या, त्याही स्वखुशीने आलेल्या. त्यानंतरच्या वर्षी त्या गेल्या नाहीत.

विद्यार्थ्यांना विचारलेला पहिला प्रश्न

समाधान सर्वेक्षणातील प्रश्नावली एकदा शांतपणे वाचण्यासारखी आहे. तिचा पहिलाच प्रश्न असा की वर्गात अभ्यासक्रमाचा किती भाग शिकवून पूर्ण झाला, आणि उत्तराचे पर्याय टक्क्यांच्या टप्प्यांत दिलेले, वरचा टप्पा ८५ ते १००. शिक्षक अध्यापनात प्रोजेक्टर आणि तत्सम साधने किती वापरतात असाही एक प्रश्न आहे. यांत गैर काही नाही. वर्षभर वर्गावर न फिरकणारे शिक्षक आपण सर्वांनी पाहिलेले आहेत आणि अशा ठिकाणी विद्यार्थ्यांच्या हाती हा एकच प्रश्न असतो. पण जी अध्यापिका एका घटकात खोल उतरण्यासाठी दुसरा घटक मुलांच्या स्ववाचनावर सोडते, तिचा वर्ग या प्रश्नाला ‘७० ते ८४’ असे प्रामाणिक उत्तर देतो, आणि मजकूर सांगून ठरल्या दिवशी सगळे घटक संपवणाऱ्याचा वर्ग त्याहून वरचे उत्तर देतो. दोन्ही उत्तरे खरीच असतात, आणि तरी कोणाचा वर्ग अधिक शिकला हे त्यांतून कळत नाही.

नॅकने काय मागितले होते

या प्रकरणाचा अभ्यास करताना मी नॅकची संलग्न महाविद्यालयांसाठीची नियमपुस्तिका पुन्हा वाचली, आणि माझे आधीचे मत बदलले. तोवर मी हे सारे नॅकने लादले असे मानत होतो. निष्पत्तींच्या पूर्ततेची बाब गुणात्मक आहे: महाविद्यालय पूर्ततेचे मूल्यमापन कसे करते याचे थोडक्यात वर्णन लिहायचे असते. त्या वर्णनात क्षेत्रवही आणि तोंडी परीक्षा बसली असती. एक-दोन-तीनचे कोष्टक अभियांत्रिकी अभ्यासक्रमांच्या अधिस्वीकृतीत रुळलेले होते. तेथून ते कार्यशाळांच्या आणि सल्लागारांच्या मार्फत कला शाखेत आले, आणि आम्ही ते नियम समजून स्वीकारले. सर्व विभागांना एकच आयएसए साचा हवा, असे तर नॅकने कोठेच म्हटलेले नाही.

म्हणजे बंधन घातले ते आम्ही. श्रेणी घसरण्याची भीती इतकी मोठी होती की जेथे थोडी मोकळीक होती तेथेही आम्ही सर्वांत सुरक्षित अर्थ लावला. संलग्न महाविद्यालयांसाठी एक हजारांपैकी ३५० गुण एकट्या अध्यापन-अध्ययन-मूल्यमापनाच्या निकषाला होते. विद्यापीठाला त्याच निकषाचे २०० असत. गुण जेथे जास्त तेथे सावधगिरीही जास्त, आणि शिक्षकाच्या हाती जी थोडी जागा उरते ती नेमकी याच निकषात येते.

तरीही नॅकची जबाबदारी संपते असे मी म्हणणार नाही. सात निकषांत आणि त्यांखालच्या प्रमुख निर्देशकांत शैक्षणिक स्वातंत्र्य या नावाचा निर्देशक नव्हता. ‘शैक्षणिक लवचीकता’ होती, पण तिच्यात ऐच्छिक आणि पूरक अभ्यासक्रम किती हे पाहिले जाई; ती विद्यार्थ्याच्या निवडीची लवचीकता होती, शिक्षकाच्या पद्धतीची नव्हे. अमेरिकेतील हायर लर्निंग कमिशन या अधिस्वीकृती संस्थेच्या निकषांत संस्था शैक्षणिक स्वातंत्र्याशी बांधील असली पाहिजे असे कलम स्पष्टपणे आहे. युनेस्कोने १९९७ मध्ये उच्च शिक्षणातील अध्यापकांच्या दर्जाविषयी जी शिफारस स्वीकारली, तिच्यात अध्यापनाचे आणि चर्चेचे स्वातंत्र्य आहे, अभ्यासक्रम ठरवण्यात अध्यापकांचा महत्त्वाचा सहभाग असावा असे आहे, आणि त्याच दस्तऐवजात संस्थांच्या उत्तरदायित्वाचाही विचार आहे. आपल्याकडे कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच विद्यापीठाच्या स्वायत्ततेबरोबर त्याच्या आतल्या विभागांची, महाविद्यालयांची आणि शिक्षकांची स्वायत्तता वेगळी मांडली होती. हा भेद या प्रकरणात फार उपयोगी पडतो: चांगली श्रेणी मिळाली की संस्थेची स्वायत्तता वाढते, पण ती श्रेणी मिळवताना संस्थेच्या आतल्या शिक्षकाची स्वायत्तता घटू शकते, आणि मूल्यांकनाच्या गणितात ही घट कोठेच नोंदली जात नाही.

निकषांत एखादे वाक्य असते तर बाईंच्या हाती काहीतरी आले असते. समन्वयकांपुढे नियमपुस्तिका ठेवून त्यांना म्हणता आले असते की माझी पद्धत जपणे हेही गुण मिळवून देणारे काम आहे.

लेक्चर बेसिसवर

विभागात दुसऱ्या अध्यापिका लेक्चर बेसिसवर होत्या, तासिकांप्रमाणे मानधन आणि दर वर्षी नव्याने मुलाखत. गोव्यातील महाविद्यालयांत अशी नेमणूक नवी नाही. बाईंनी मांडावर जाणे थांबवल्यावर लोकसाहित्याची अभ्यासपत्रिका त्यांच्याकडे आली, आणि त्यांनी मुलांना पणजीतल्या एका लोककला महोत्सवाला नेले. तेथे रंगमंचावर, दिव्यांच्या झोतात, दहा मिनिटांचा धालो झाला. फोटो काढता आले, ते जिओटॅग झाले, नोंद तक्त्यात बसली. त्यांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. बाईंनी फोटोंचा रकाना फोटोंशिवाय परत केला तेव्हा त्यांच्यामागे पंचवीस वर्षांची कायम नोकरी होती. पुढच्या जूनमध्ये आपल्याला पुन्हा बोलावतील का, हे ज्याला ठाऊक नाही, तो शिक्षक एखाद्या रकान्याशी वाद घालील ही अपेक्षा अन्यायाची आहे. मूल्यांकनाचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याची नोकरी जितकी कच्ची तितका तो त्याखाली अधिक वाकतो, हे या प्रकरणाने मला सर्वांत स्पष्ट दाखवले.

पीअर टीम आणि त्यानंतर

पीअर टीम आली तेव्हा मराठी विभागाच्या वाट्याला जेमतेम वीस मिनिटे आली. फाईल चाळून झाल्यावर एका सदस्यांनी विचारले की या विभागाचे वेगळेपण कशात आहे. बाईंनी कपाटातून जुन्या क्षेत्रवह्या काढून टेबलावर ठेवल्या. त्या सदस्यांनी दोन-तीन वह्या उघडून वाचल्या, ओव्यांच्या पाठभेदांविषयी विचारले, आणि मग आमच्याकडे वळून विचारले की हे एसएसआरमध्ये का दिसत नाही. त्या खोलीत आयक्यूएसीचे आम्ही तिघे होतो आणि तिघांनाही उत्तर देता आले नाही. टीमच्या अहवालात या वह्यांविषयी काही आले नाही, कारण अहवाल भरलेल्या माहितीच्या चौकटीत लिहिला जातो.

त्या प्रश्नानंतर मात्र आयक्यूएसीच्या बैठकीत तीन तास चर्चा झाली आणि दोन ठराव झाले. ज्या ठिकाणी छायाचित्रास संमती नाही तेथे क्षेत्रवही आणि विभागप्रमुखाचे प्रमाणपत्र हाच पुरावा मानून नोंद करावी, पुढे पडताळणीत ती अमान्य झाली तरी चालेल. आणि आयएसएचा साचा प्रत्येक विभागाने आपल्या विषयाच्या गरजेप्रमाणे ठरवावा. दुसऱ्या ठरावाला दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांनी विरोध केला. प्रत्येक विभागाची रीत वेगळी झाली तर पुढच्या फेरीत माहिती एकत्र कशी करणार, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचे पुरते उत्तर आमच्याकडे आजही नाही.

जानेवारी २०२४ मध्ये नॅकने श्रेणींऐवजी ‘अधिस्वीकृत’ किंवा ‘अधिस्वीकृत नाही’ अशी पद्धत आणि तिच्यावर पुढील स्तरांची रचना आणण्याचे जाहीर केले. डॉ. के. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवर ती आधारलेली असून देशभरातील संस्थांची माहिती एकाच मंचावर आणण्यावर तिचा भर आहे. श्रेणीची चढाओढ कमी झाली तर भीतीही कमी होईल, ही शक्यता मी नाकारत नाही. पण आमच्या प्रकरणात वह्या उघडून पाहिल्या त्या भेटीला आलेल्या माणसाने. माहितीच्या मंचावर त्या वह्या कधी पोहोचल्याच नव्हत्या. प्रत्यक्ष भेटीचे महत्त्व कमी करताना याचा विचार व्हावा, असे मला कळकळीने वाटते.

ठराव झाल्यानंतरच्या पौषात बाई पुन्हा सत्तरीत गेल्या. मधल्या खंडात मांडावरच्या गाणाऱ्यांपैकी एक वृद्ध बाई वारल्या होत्या, आणि ज्या ओवीचे तीन पाठ एकेकाळी फळ्यावर लिहिले होते तिचे आता दोनच मिळाले. तिसरा पाठ एका जुन्या क्षेत्रवहीत आहे. ती वही विभागाच्या कपाटात ठेवलेली आहे. लोकसाहित्याची अभ्यासपत्रिका अजून लेक्चर बेसिसवरच्या अध्यापिकेकडेच आहे. ठरावाची प्रत त्यांना दिलेली आहे, पण त्या अजूनही मुलांना महोत्सवालाच नेतात आणि प्रत्येक नोंदीला दोन जिओटॅग फोटो जोडतात.